कमरेतला वसंत

वसंत ऋतूत पृथ्वीच्या पोटातली प्राणशक्ती मुळांवाटे शेंड्याकडे धाव घेते आणि मनुष्याच्या देहातही नेमके तेच घडते. जो ही शक्ती ओळखतो त्याला वर्षभर शोक, क्रोध आणि भय यांची बाधा होत नाही. हे शास्त्रवचन आहे. कोणत्या शास्त्रातले, ते राजलक्ष्मीमावशींनी शेवटपर्यंत सांगितले नाही. गिरगावातल्या त्या चाळीमागे एकच उंबर होता आणि त्याच्या शेंड्याकडे बारा महिने फक्त कावळे धाव घेत.

अच्युतराव मानकरांना शास्त्राची चौकशी करायला सवड नव्हती. त्यांना चैत्र संपायच्या आत धीट व्हायचे होते.

झाले होते ते असे. छप्पन्न सालच्या जानेवारीत शहरात गोळ्या चालल्या, तेव्हा चाळीच्या चौकात सभा भरली आणि सभेत अच्युतराव उठून उभे राहिले. विमा कंपनीत बावीस वर्षे कारकुनी केलेला हा गृहस्थ एरवी गणपतीच्या आरतीतसुद्धा ओठ हलवण्यापलीकडे जात नसे. ते म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जायला माझं नाव पहिलं लिहा." टाळ्या पडल्या. रमाकांतने वही उघडली. हा रमाकांत छापखान्यात प्रुफे तपासायचा आणि चाळीच्या समितीचा चिटणीस होता. कोणतेही काम वरपासून खालपर्यंत ओळीने करायची त्याला सवय. फक्त या वेळी त्याने खालपासून वर केले. प्रत्येक खोलीतून एक सत्याग्रही, सुरुवात तळमजल्यापासून. अच्युतराव तिसऱ्या मजल्यावर, टोकाच्या सत्तेचाळीस नंबरात. त्यामुळे तोंडी पहिला असलेला माणूस वहीत शेवटच्या तुकडीत गेला.

माणूस संतापलेला असतो तेव्हाच त्याला तुरुंगात न्यावे. अच्युतरावांना तीन महिने थांबावे लागले. खालच्या मजल्यांवरची माणसे फोर्टात जाऊन जमावबंदी मोडत, आठ-आठ दिवस आत राहत, आणि हार घालून परत येत. आल्यावर सांगत, की डाळीत खडे असतात आणि शेजारी झोपलेला माणूस कोण असेल याचा नेम नसतो. अच्युतराव हे सगळे उभ्याने ऐकत. फाल्गुनापासून त्यांना बसणे जमेनासे झाले होते. जेवताना मांडी हले. कचेरीत ते दर दहा मिनिटांनी पेन्सिलीला टोक करायला उठत. महिन्यात सहा पेन्सिली संपल्या. घरी आले की गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात आणि तिथे काही नाही अशी खात्री करून परत येत.

"अहो, पोलीस येतील तेव्हा खालून येतील," त्यांच्या पत्नी नलूताई आतून म्हणाल्या. "टोकाकडून नाही."

"मी पोलिसांसाठी फिरत नाहीये. वसंतात कफ पातळ होतो. त्याची हालचाल असते ही."

"बरं. मग कफाला सांगा, येताना खिडकीतले पापड घेऊन ये."

कफाची ही बातमी राजलक्ष्मीमावशींकडची. त्या अच्युतरावांच्या आईच्या मावसबहीण. मुलींच्या शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली, आणि शरीराचे ज्ञान तिथल्याच भिंतीवरच्या तक्त्यावरून उचलले. निवृत्त झाल्यावर त्या दर पाडव्याला चाळीच्या गच्चीवर एकवीस दिवसांचा वसंतप्राणवर्ग घेत. सकाळी साडेसहाला सात बायका आणि एक अच्युतराव पूर्वेकडे तोंड करून बसत.

मावशींचे म्हणणे असे, की प्रत्येक भावनेला देहात राहायची जागा असते. राग यकृतात, दुःख खांद्यात, मत्सर कानशिलात. हिवाळ्यात ती गोठून असते, वसंतात वितळते. तेव्हाच तिला बाहेर काढायची. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितले, डोळे मिटा आणि जिथे जड वाटते तिथे हात ठेवा. अच्युतरावांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"भीती," मावशी म्हणाल्या.

"भीती नाही मावशी. उत्साह आहे. जरा जास्त झालाय."

"उत्साह गुडघ्यात असतो. तुझे हात कुठे आहेत?"

सात बायकांनी डोळे उघडून पाहिले.

उपचार सोपा होता. उठल्याबरोबर कडुनिंबाचा कोवळा पाला. मग कोमट पाण्यात मध. अंगाला बेसनाचे कोरडे उटणे, ते खालून वर चोळायचे. गच्चीवर डाव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, तो कमरेपर्यंत न्यायचा, तिथे जे असेल त्याला "सोडलं" म्हणायचे आणि उजवीने बाहेर टाकायचे, एकशे आठ वेळा. दुपारी डुलकी नाही. भाकरी जवाची. मासे बंद.

शेवटची अट ऐकून नलूताईंनी पदर खोचला. मानकर पाठारे प्रभू, आणि प्रभूंच्या घरात माणूस गेला तरी मासे दहाच दिवस बंद असतात. "एकवीस दिवस?" त्या म्हणाल्या. "तुरुंगात आठच दिवस होते." त्यांनी स्वतःपुरते कोळंबीचे भानोले केले आणि वारा लागावा म्हणून दारात बसून खाल्ले. अच्युतराव जवाची भाकरी हातात घेऊन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

वर्गाचा परिणाम झाला नाही असे नाही. पूर्वी त्यांना नुसते अस्वस्थ वाटे. आता अस्वस्थपणा नेमका कुठे आहे हे कळू लागले. ट्रामची वाट पाहताना तो कमरेत असे, ट्राम आली की पोटात चढे, आणि कंडक्टरने "पुढं सरका" म्हटले की घशात. वाटेत हवालदार दिसला तर अच्युतराव डावी नाकपुडी मोकळी आहे की नाही हे बोटाने तपासत. हवालदार पाहत राही.

चौदाव्या दिवशी रमाकांतने जिन्याखालच्या फळ्यावर शेवटच्या तुकडीची तारीख लिहिली. सोमवार. अच्युतरावांनी बोटांवर मोजले. सोमवार म्हणजे विसावा दिवस.

त्या संध्याकाळी ते चार वर्षांत पहिल्यांदा दोन-दोन पायऱ्या चढत मावशींकडे गेले.

"वर्ग मधेच सोडला तर काय होतं हो?"

"विसाव्या दिवशी सोडला तर सगळ्यात वाईट," मावशी म्हणाल्या. अच्युतराव का विचारतात हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या नेहमी असेच सांगत. "प्राण अर्ध्यात अडकतो. माणूस कायमचा तसाच राहतो."

अच्युतराव तसेच खाली रमाकांतकडे गेले आणि सगळे शास्त्र त्याला समजावून सांगितले. रमाकांत प्रूफ वाचावे तसा ऐकत राहिला.

"अच्युतकाका, वही आंदोलनाच्या नायगावच्या कचेरीत गेली. आता बदल नाही."

"माझं नाव खोडायचं नाहीये. एक दिवस पुढं ढकल."

"नाव नाहीच आहे त्यात. खोलीचे नंबर आहेत. निघताना चौकात नंबर पुकारतात, खोलीनं 'हजर' म्हणायचं. आतापर्यंत एकही खोली गैरहजर नाही." त्याने आवाज खाली आणला. "बारा नंबरमधून तर आजोबा गेले होते. मोतीबिंदू होता."

अच्युतराव वर आले आणि नलूताईंना म्हणाले, की शास्त्रापुढे इलाज नाही. नलूताई भांडी घासत होत्या. त्या घासत राहिल्या, हे अच्युतरावांना सुलक्षण वाटले.

सोमवारी सकाळी ते गच्चीवर डोळे मिटून बसले. एकशे आठातला बहात्तरावा श्वास कमरेपर्यंत गेला होता तेव्हा चौकातून रमाकांतचा आवाज आला. खोली त्रेचाळीस. हजर. चव्वेचाळीस. हजर. अच्युतरावांनी श्वास तिथेच धरला. पंचेचाळीस. सेहेचाळीस. त्यांना वाटले, रमाकांत समंजस आहे, पुढचा नंबर गाळेल.

"खोली सत्तेचाळीस."

"हजर," नलूताई म्हणाल्या.

अच्युतरावांनी कठड्यावरून खाली पाहिले. नलूताई चौकात पाच खोल्यांच्या रांगेत शेवटी उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, तीत दोन लुगडी आणि टॉवेल. केसांत अबोलीची वेणी. त्या वर पाहत नव्हत्या.

"उठलास तर अर्ध्यात अडकेल," मावशी म्हणाल्या.

अच्युतराव उठले. चार जिने उतरताना त्यांना एक चप्पल सापडली, दुसरी नाही. तुकडी त्यांना धोबीतलावाला गाठता आली. तिथे नायगावची माणसे येऊन मिळाली होती आणि सगळे घोषणा देत फोर्टाकडे निघाले होते. नलूताईंनी त्यांच्या पायाकडे पाहिले.

"खोलीतून एकच जायचं असतं," त्या म्हणाल्या.

"मग तू घरी जा."

"मी 'हजर' म्हटलंय. तुम्ही जा. तुमचा श्वास राहिला असेल."

फोर्टात पोलिसांनी त्यांना फार वेळ घोषणा देऊ दिल्या नाहीत. गाडीत अच्युतराव आणि नलूताई समोरासमोर बसले. अच्युतरावांची मांडी एवढी हलत होती, की बाकावरचे चौघे बरोबर हलत होते. शेजारी राजाराम होता. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारा, गिरणीत साच्यावर कापड विणणारा, दुसऱ्यांदा आत जाणारा.

"पहिल्यांदा का, काका?"

"हो."

"लघवीला जाऊन आलाय ना?"

"आलोय."

"मग झालं. बाकी काही नसतं."

अच्युतरावांनी डोळे मिटले. त्यांनी कमरेत शोधले. तिथे चणक होती, जिने उतरल्याची, आणखी काही नव्हते. भायखळा गेले, परळ गेले. मांडी थांबली होती. समोर नलूताई हे पाहत होत्या आणि पाहत नसल्यासारखे करत होत्या. दादरला त्यांनी पिशवीतला टॉवेल काढून नवऱ्याला घाम पुसायला दिला. अच्युतरावांनी तो घेतला, आणि फाल्गुनापासून पहिल्यांदा पाठ टेकून बसले. आता आठ दिवस काय, महिना म्हणाले असते तरी चालले असते.

गाडी थांबली. हवालदाराने मागचे दार उघडले.

"चला, उतरा. सगळे."

राजारामने बाहेर डोकावले. "हा तुरुंग नाही. हा शीवचा किल्ला आहे."

"तुरुंगात जागा नाही. कालपासून इथंच सोडतोय."

"अहो, नावं तरी लिहून घ्या."

"कशाला?"

माणसे कुरकुरत उतरली. नलूताई उतरल्या. अच्युतराव बसून राहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी स्थिर.

"मी आलोय," ते म्हणाले.

"दिसतंय, काका. पण उतरा. आम्हाला पुढची तुकडी आणायचीय."

शीवहून गिरगावात जाणारी बस दर वीस मिनिटांनी होती.