धुऱ्यावरची जांभळी साडी

हसू नका मित्रांनो, मी एक साडी आहे आणि मला शेताच्या राखणीला उभं केलं होतं. मी जांभळी, काठ पिवळे. आता तेही विटलेत. साडीनं अंगावर असावं, वाळत असावं, फार तर पेटीत घडी घालून असावं. पण अंबड तालुक्यातल्या आमच्या घरच्यांनी मला शेताच्या कडेला, धुऱ्यावर, बाभळीच्या मेखांना ताणून बांधलं आणि म्हणाले, हाकल आता हरणं! मी काय कुत्रं आहे?

आमच्या घरच्या सुनेच्या, कौसल्याच्या लग्नासाठी १९८४ साली वडीगोद्रीच्या दुकानातून मला आणलं. तेव्हा माझा थाट काय विचारता! तिच्या जावा काठावरून हात फिरवायच्या. "रंग कसा खुलून दिसतो गं तुला," म्हणायच्या. रामनवमीला जांबला समर्थांच्या मंदिरात जायचं म्हटलं की कौसल्याला मीच लागायची. पुढे सणाची साडी रोजची झाली आणि रोजची साडी पेटीच्या तळाला गेली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. वय झालं की तेवढं चालायचंच.

खरी कटकट सुरू झाली ती दोन हजार दोनच्या सुमारास. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता आणि खाली पाझर तलाव. हरणं, रोही, रानडुकरं माळावर चरायची, उतरून तळ्यावर पाणी प्यायची आणि परत जायची. मग लोकांनी माळावर बोअर घेतले, मोसंबी लावली, तारा ओढल्या. त्यात कौसल्याचा नवरा बद्रीनाथही होता. जनावरांचं चरणं गेलं, पण तहान-भूक काही गेली नाही. जनावरं सरळ तळ्याच्या वाटेवरच्या आमच्या हरभऱ्यात शिरली. एका हिवाळ्यात त्यांनी कौसल्याचं सगळं पीक शेंड्यासकट ओरबाडून खाल्लं. तिचं रडणं मी पेटीत पडून ऐकलंय, म्हणून तिला दोष देताना माझी जीभ अडखळते.

पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं, भडक कपडा फडफडला की जनावर बुजतं. झालं! बद्रीनाथने पेटी उपसली.

"अहो, ती लग्नातली हाय!" कौसल्या म्हणाली.

"लग्नाला जमाना झाला. हरभरा खायचाय का साडी बघत बसायचंय?"

आणि मी धुऱ्यावर आले. वारा सुटला की मी फडफडायची आणि हरणं चरकून मागं फिरायची. ते बघून शेजाऱ्यांनीही आपापल्या पेट्या रिकाम्या केल्या. लाल, हिरव्या, गुलाबी, जरीच्या, बिनजरीच्या, सगळ्या मेखांना! लांबून बघणाऱ्याला वाटावं, शिवारात जत्राच भरलीय.

एकदा सकाळी एक हरणी पाडसाला घेऊन माझ्यासमोर येऊन थांबली. तिला हरभरा नकोच होता. तिची नजर माझ्यापलीकडं तळ्याकडं लागली होती. मला म्हणायचं होतं, जा गं बाई, पाणी पिऊन ये. पण तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि माझा पदर तिच्या तोंडावर बसला. ती बिचारी पाडसाला घेऊन साड्यांच्या कडेकडेनं चालू लागली. एक शेत झालं, दुसरं झालं. जिथं साड्या संपल्या, तिथं ती आत शिरली.

तिथं दुर्गाबाईंचं वावर होतं. नवरा वारल्यापासून त्या एकट्याच एवढंसं रान कसतात. त्यांच्याकडं साड्या दोन. एक अंगावर, एक दोरीवर. बांधणार काय, कपाळ? त्यांनी पोत्याचे तुकडे लावले. ते मातीच्या रंगाचे, त्यांना कोण भितंय! आम्ही हुसकावलेलं प्रत्येक जनावर त्यांच्याच हरभऱ्यात जाऊ लागलं. थाळी बडवून बडवून त्या माउलीचा हात दुखला, ओरडून घसा बसला.

शेवटी त्या आमच्या धुऱ्यावर आल्या. "बद्रीनाथ, तुमच्या साड्यांनी समदी हरणं माझ्याकडं लावून दिली बाबा. समदे मिळून तळ्याकडं एक वाट तरी सोडा. माझा हरभरा चाललाय."

"वाट सोडली की आमच्यात घुसतेत, मावशी. तुम्ही बी बांधा की साड्या."

दुर्गाबाईंनी आपल्या अंगावरच्या ठिगळाकडं बघितलं आणि त्या निघून गेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांधा की म्हणे! अरे, त्या बाईनं अंगावरची सोडून बांधायची का?

हे बोलणं कौसल्यानं ऐकलं होतं. पुढं एके दिवशी बद्रीनाथ बाजाराला गेलेला बघून तिनं मला मेखांवरून सोडवलं आणि दुर्गाबाईंच्या वावरात नेलं. तोवर तिथं नुसती खुंटं उरली होती.

"मावशी, ही बांधा."

"आता काय राखू बांधून?" दुर्गाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला उलटून-पालटून बघितलं, काठ ओढून बघितला. "आन् ही तर नेसायची साडी हाय गं. चांगली हाय की बिलकुल."

कौसल्यानं मला त्यांच्याच हाती ठेवलं आणि ती परत वळली.

बद्रीनाथने माझ्या जागी दुसरी साडी बांधली आणि आमचा हरभरा झकास आला. काढणीला मजूर लावले. त्यात दुर्गाबाईही आल्या, कारण त्यांच्या वावरात काढायला काही नव्हतंच. त्या मला नेसून आल्या होत्या. मेखांनी फाटलेली भोकं त्यांनी टाचून घेतली होती. कौसल्या शेजारच्या ओळीत होती. तिनं मला ओळखलं आणि खाली मान घालून हरभरा उपटत राहिली.

बद्रीनाथ धुऱ्यावरून खुशीत म्हणाला, "औंदा एक घाटा बी गेला न्हाई बघा!"

"गेला की," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझ्या वावरातून गेला."

बद्रीनाथ उगाच मेखा हलवून बघत राहिला. वाटलं होतं, आता तरी त्याला वाट सोडायचं सुचेल. कशाचं काय! पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. धुऱ्याधुऱ्यावर साड्या, आणि वाट कुठंच नाही.

मित्रांनो, पीक राखा, जरूर राखा. त्यावर तुमचं पोट आहे. पण हाकललेलं जनावर कुठं जाणार, ते एकदा तरी बघा. त्यालाही पाणी लागतं, आणि त्याच्या पुढ्यात कुणातरी दुर्गाबाईंचं रान असतं. तुमच्या हरभऱ्याला साडी बांधा; तळ्याच्या वाटेला तेवढी बांधू नका.