विलोबी शहरात आलं

विलोबी म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातली चाळीसेक घरं. इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्याचं हे नाव मळ्याच्या गोऱ्या मालकाने ठेवलेलं. पुढे त्याच मळ्यावर राबलेल्या काळ्या कुटुंबांनी ती जमीन विकत घेतली. शेजारचं शहर वाढत वाढत विलोबीच्या दारापर्यंत आलं, पण विलोबीला त्याने हद्दीत घेतलं नाही, म्हणून शहराचं नळाचं पाणीही नाही. तिथे अजून बोअरचं पाणी, लालसर आणि वास मारणारं.

विलोबीला लागूनच नवी सोसायटी उभी राहिली आणि नागपूरची संघमित्रा मेश्राम नवरा धम्मदीपसोबत तिथे राहायला आली. कुंपणापलीकडे विलोबीत राहणाऱ्या मिस लोरेटा या ऐंशी पार केलेल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गाडीच्या डिकीत नेहमी विकतच्या पाण्याचे कॅन असत. उतरवायला संघमित्रा हात लावायची. तिथूनच ओळख वाढली.

एक दिवस शहराच्या पाण्यासाठी सोसायटी शहरात सामील करायचं ठरलं. नकाशा आला. हद्दीची रेघ विलोबीला वळसा घालून सोसायटीपर्यंत पोचली होती. सगळ्या घरमालकांच्या संमतीच्या सह्या तेवढ्या गोळा होत होत्या.

"विलोबीला आत घेतल्याशिवाय मी सही करणार नाही," संघमित्रा म्हणाली.

"अगं, आपलंही पाणी अडेल," धम्मदीप म्हणाला. "लोक शिव्या घालतील."

"घालू देत. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ही रेघ मला ओळखू येते, धम्मदीप."

संध्याकाळी मात्र धम्मदीपच आधी उठून शेजाऱ्यांची दारं वाजवायला निघाला.

"यार, प्रॉपर्टी व्हॅल्यूचं काय?" शेजारच्या नकुलने विचारलं. दोन दारं तर तोंडावर बंद झाली. पण सोसायटीतल्याच पद्मिनीकाकूंनी केलेली सही परत घेतली, मग आणखी काहींनी, आणि शेवटी नकुलनेही. सामीलीकरण अडकलं. शहराला सुनावणी घ्यावी लागली.

सभागृह भरलं होतं. विलोबीचे लोक पहिल्यांदाच पुढच्या रांगांत बसले होते. महापौरांनी विचारलं, "मुळात विलोबीला शहरात यायचंय का?"

मिस लोरेटा काठी टेकत उठल्या. "माझ्या वडिलांनी शहरात यायचा अर्ज केला होता, तेव्हा मी शाळेत होते. यायचंय. पण विलोबी म्हणूनच. आमचं नाव पुसून आम्हाला नुसता वॉर्ड नंबर देणार असाल, तर तुमचं पाणी तुमच्यापाशी ठेवा."

टाळ्या थांबेनात. महापौरांनी नगरसेवकांची मतं मागितली. एकही हात विरोधात वर गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाइपलाइन आली. चर्चच्या अंगणात नळ सुरू करायला महापौर स्वतः आले, भाषण घेऊनच. त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आत मिस लोरेटांनी रबरी नळी उचलली आणि संघमित्राला हाक मारली, "सोड गं!" संघमित्राने कॉक पूर्ण फिरवला. स्वच्छ पाण्याची धार उंच उडाली. पोरं किंचाळली, म्हातारे भिजले, धम्मदीप बूट काढून नाचायला लागला.

महापौरांचा सूट चिंब झाला. कुणीही सॉरी म्हटलं नाही.