रापीच्या पुढे फक्त कातडं

मित्रांनो, मी एक जुनी रापी आहे. चामडं कापायची आणि त्याच्या कडा तासायची पोलादी रापी. विळी तुम्ही पाहिली असेल. ती एका जागी बसून राहते आणि माणूस तिच्याकडे भाजी नेतो. माझं उलट आहे, मी हातात फिरते. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको. मी रागात आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात, जुने दिवस आठवून डोळे पुसतात. मला ते जमणार नाही.

माझा जन्म प्रकाशा गावचा. धडगावच्या घाटात एका ट्रकचा कमानपाटा तुटला, तो भंगारात आला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीत पडला. त्याने मला ठोकून चपटं केलं, पुढे रुंद आणि मागे निमुळतं, आणि लाल असतानाच पाण्यात बुडवलं. मला विकत घेणारा कारागीर नथ्थू तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने माझ्या शेपटीला चामड्याची पट्टी आवळून गुंडाळली आणि पहिल्याच दिवशी मला दगडावर अशी धार लावली की मी त्याच्या मनगटावरचे केस काढले. तेव्हापासून मी त्याची.

शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ, टिनाच्या पत्र्याखाली आमचं दुकान. बैलांच्या गळ्यातले पट्टे, जुवाला बांधायच्या वाद्या, शेतात जायचे दणकट जोडे, मी सगळं कापलं. होळी जवळ आली की डोंगरातली माणसं उतरायची. नाचताना कमरेला घुंगरू बांधायचे रुंद पट्टे त्यांना हवे असत. नथ्थूचा पट्टा बापाने बांधला तर मुलगाही बांधतो, असं ती म्हणायची. ते ऐकून नथ्थूपेक्षा मीच जास्त फुगायचे.

त्याच्या हाताखाली अकरा जण शिकले. त्यांना शिकवायची त्याची एक रीत होती. नवा माणूस आला की पहिला महिनाभर त्याच्या हातात मी जात नसे. त्याने फक्त जमिनीवर बसायचं आणि भिजवलेलं कातडं पायांनी धरायला शिकायचं. डाव्या टाचेने जवळची कड दाबायची. उजवा पाय बाजूने लांब करून अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या चिमटीत पलीकडचा कोपरा धरायचा. पाय पात्याच्या वाटेतून बाजूला, आणि डावा हात माझ्या पाठीवर, मागे. रापीच्या पुढे फक्त कातडं, दुसरं काही नाही. "पह्यले पाय, मंग हात," नथ्थू सांगायचा. अकरा जण शिकले, एकाचंही बोट गेलं नाही.

एकदा मात्र मी चुकले. नथ्थूची नात काजल नऊ वर्षांची असताना आजोबांशेजारी बसून कातडं धरायची. एकदा बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजली, तिने मान वळवली, पाय सरकला आणि मी तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला लागले. ती रडली नाही, मला मात्र दोन दिवस चैन पडलं नाही. तो व्रण अजून आहे. हे सगळं अशासाठी सांगितलं, की काजलला पायांचं महत्त्व ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिला ते त्या अकरा जणांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

काजल नाशिकला शिकून परत आली. आता नथ्थूला सगळे बाबा म्हणतात, त्याच्याकडे शिकायला कुणी येत नाही. तेव्हा तिने ठरवलं की आपल्या आबांची, म्हणजे आजोबांची, कला मोबाईलवर शिकवायची. अगदी नवख्याने घरी बसून बघावं, असे व्हिडिओ करायचे. विचार चांगला होता, मी खोटं बोलणार नाही. लग्नांचं शूटिंग करणारा योगेंद्र तिच्या मदतीला आला. चॅनेलला तिने नाव दिलं 'रापी'. त्या दिवशी मला वाटलं, आता आपलं सोनं झालं.

झालं ते ऐका. योगेंद्रने एक सुरी मागवली होती. चकचकीत पातं, गुळगुळीत लाकडी मूठ. कॅमेऱ्यात मी गंजकी दिसते, असं त्याचं म्हणणं. म्हणून कॅमेरा सुरू असताना ती महाराणी बाबांच्या हातात, आणि कॅमेरा बंद झाला की कापायला मी. तिच्याने ओला कागदही धड कापला जात नव्हता. चॅनेलचं नाव माझं, काम माझं, आणि मिरवणार ती. मी पेटीत पडून दात खात होते.

पण हा माझा मानापमान झाला, त्याला कुत्रं खात नाही. खरी गोष्ट पुढेच घडली. बाबा सवयीप्रमाणे जमिनीवर बसले आणि पायाने कातडं दाबलं. योगेंद्रने काजलकडे पाहिलं. लोक जेवताना मोबाईल बघतात, म्हणाला, आणि आजकाल सगळे कारागीर टेबलावर काम करतात. काजल कॅमेऱ्याच्या चौकोनात बघत होती. त्यात आबांचे पाय होते. पन्नास वर्षांच्या रंगाने काळे पडलेले, टाचांना भेगा, नखं जाड झालेली. ती उठली आणि घरातून टेबल घेऊन आली.

बाबांनी तिला अडवलं नाही. नातीच्या कामात आपण कशाला तोंड घालायचं, असं त्यांना वाटलं असेल. टेबलावर कातडं धरायला पाय नाहीत, म्हणून त्यांनी डाव्या हाताने पुढचा कोपरा दाबला आणि सुरी त्या हाताच्या दिशेने ढकलली. त्यांचा हात मुरलेला. कधी उचलायचा ते त्याला बरोबर कळतं. बघणाऱ्याचा हात मात्र कालचा असतो, हे त्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाबांवरही मी त्या दिवशी रागावले. जन्मभर जे एका वाक्यात सांगितलं, ते नेमकं हजारो लोक बघत असताना गिळलं.

व्हिडिओ खूप चालला. खाली लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली, बाबांच्या हातात जादू आहे असं लिहिलं. काजल ते वाचून दाखवायची आणि बाबा मान हलवायचे.

मग माघ संपता संपता एका दुपारी दुकानासमोर एक मुलगी येऊन उभी राहिली. नाव सुनिता, गाव धडगावच्याही वर. पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून खाली आली होती आणि पुढे एसटीने शहाद्याला. डाव्या अंगठ्याला जाड पट्टी. तिने पिशवीतून अर्धवट कापलेलं चामडं काढलं, आणि त्याच्याबरोबर ती सुरी. तीच, महाराणीची जुळी बहीण. व्हिडिओत पाहून तिने मागवली होती. तिचे वडील चैत्या होळीला नाचतात, त्यांचा पट्टा तुटला होता. तोही बाबांनीच केलेला, तीस वर्षांपूर्वी. या होळीला बापाच्या कमरेला आपल्या हातचा पट्टा असावा, असं तिच्या मनात होतं. ती भांडायला आली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्ही दाखवलं तसंच केलं," ती म्हणाली. "दहा वेळा बघून केलं. माझं कुठं चुकलं?"

बाबांनी तिची पट्टी पाहिली. किती टाके, ते विचारलं. पाच, म्हणाली, आणि अंगठा वाकत नाही. बाबांनी चामडं उलटसुलट करून पाहिलं. त्यावर तिचं रक्त वाळून काळं झालं होतं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि पुढे हात असला तर हातातच घुसते. हे बाबांना कळायला डोळ्याचं पातं लवायचाही वेळ लागला नाही.

काजल आतून पाणी घेऊन आली होती, ती तशीच थांबली. योगेंद्रला नको म्हणायला हवं होतं, असं बाबा पुटपुटले. त्या वेळी काजलने सगळा दोष योगेंद्रवर ढकलला असता, तर मी तिचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. तिने तसं केलं नाही.

"आबा, तुम्हना पाय मीच फ्रेमबाहेर ठेवात," ती म्हणाली.

"मन्हा पायस्नी लाज वाटनी का तुले, बेटा?"

तिने हो म्हटलं. खाली मान घालून, पण म्हटलं. बाबांनी तिच्यावर आवाज चढवला नाही. ते नुसते आपल्या पायांकडे बघत बसले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते. मित्रांनो, मी पोलादाची आहे, मला रडता येत नाही. पण त्या क्षणी मला कुणी हातात घेतलं असतं तर मी कुणाला तरी चावले असते.

काजलने तिथेच उभ्या उभ्या तो व्हिडिओ काढून टाकला. योगेंद्रचा फोन आला, चांगला चाललेला व्हिडिओ कुणी काढतं का, म्हणून तो बराच वेळ ओरडत होता. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. टेबल उचलून बाहेर नेलं. मोबाईल जमिनीलगत, उपड्या डब्यावर ठेवला. बाबा उठून मोरीकडे निघाले, पाय घासायला.

"धवू नका आबा," काजल म्हणाली. "शेतस तशाच ऱ्हाऊ द्या."

मग ती स्वतः आधी कॅमेऱ्यासमोर बसली. उजवा पाय पुढे केला, अंगठ्यावरचा व्रण दाखवला. म्हणाली की मी नऊ वर्षांची असताना पाय सरकला तर काय होतं ते शिकले, आणि तरी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आधीचा व्हिडिओ पाहून कुणी कापायला बसला असाल तर थांबा. एका मुलीचा अंगठा माझ्यामुळे कापला. एवढं बोलून ती बाजूला झाली आणि बाबा बसले. दोन्ही पाय चौकटीच्या मधोमध.

त्यांनी सुनिताला शेजारी बसवलं. तिने चप्पल काढली, टाच टेकवली, पाय लांब केला, बोटांच्या चिमटीत कोपरा धरला. बाबांनी कातडं ओढून पाहिलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. जन्मभर डोंगर चढलेले पाय ते, कातडं कसलं सोडतात.

"हिन्हा पाय पह्यलेच शिकेल शेतस," बाबा म्हणाले. महिन्याचा नियम त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडला. पेटी उघडली, मला दगडावर चार हात दिले आणि तिच्या उजव्या हातात ठेवलं. डावा हात, पट्टीसकट, माझ्या पाठीवर आला. मी जपून गेले. सरळ, एका दमात, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्यापुढे फक्त कातडं होतं.

हा व्हिडिओ आधीच्यासारखा चालत नाही. पाय दाखवायची काय गरज होती, असं खाली कुणीतरी लिहिलंच. काजलने त्याला उत्तर दिलं नाही, पुढच्या व्हिडिओत पाय आणखी जवळून दाखवले. होळीला चैत्याच्या कमरेला नवा पट्टा होता, त्याचा फोटो सुनिताने पाठवला. बाबांनी तो मोठा करून शिवण पाहिली आणि दोन टाके ढिले आहेत म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी रापी तुमच्या घरी असेल, तर तिला ओलीत ठेवू नका, तेलाचं बोट लावा, धार जाऊ देऊ नका. एवढं कोणतीही रापी सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही कुणाला काही शिकवाल, तेव्हा जे सुंदर दिसतं तेवढंच दाखवू नका. आणि कुणाच्या हाताची वाहवा करायची असेल तर आधी खाली बघा, तो माणूस कशावर बसला आहे, त्याचे पाय काय करतात. सुनिताचा अंगठा अजून पुरता वाकत नाही. तो वाकेपर्यंत माझा राग जायचा नाही.