पडद्यावरचा गंधार

केलगेरीच्या कृष्णाबाईंकडं चाळीस वर्षं मुली गाणं शिकत आल्या. त्यातलीच एक सावनी. आता हुबळीत कोप्पीकर रोडवरच्या ऑफिसात बसून ती सूर शिकवणारी वेबसाइट बनवत होती. मोबाइलसमोर गायचं, सूर जागेवर लागला की ठिपका हिरवा, चुकला की लाल.

"अक्का, पहिली परीक्षा तुमची," म्हणत तिनं एका दुपारी कृष्णाबाईंच्या घरी येऊन मोबाइल पुढं धरला.

कृष्णाबाईंनी सा लावला. हिरवा. रे, हिरवा. गंधार लावला, तर लाल! पुन्हा लावला, पुन्हा लाल. वर 'सूर उतरला' असं लिहूनही आलं.

"माइक खराब असेल," सावनी ओशाळून म्हणाली.

पण कृष्णाबाईंना ते पटेना. सत्तरी उलटली की कान दगा देतो, हे त्यांनी भल्याभल्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. आपण उतरलेला गंधार पोरींच्या गळ्यात घालतोय की काय?

"आजपासून क्लास बंद. मुलींना दुसरीकडं धाड."

"अहो अक्का, एका लाल ठिपक्यावरून?"

"लाल दिव्याला हुबळीची बस थांबत नसेल, मी थांबते."

सावनी कोपऱ्यातला तंबोरा घेऊन आली. "याला विचारू."

कृष्णाबाईंनी मन लावून तंबोरा जुळवला, खर्जाची तार छेडली. तार घुमली आणि कुणी न गाता तिच्यातून गंधार झरू लागला; नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून तो आपोआपच उमटतो. पडद्यावर त्याची रेघ उठली. लाल! अगदी कृष्णाबाईंच्याच जागी.

"घ्या, हाही म्हातारा झाला!" सावनी म्हणाली.

कृष्णाबाईंनी मोबाइल हातात घेतला. "सुरांच्या जागा कुठनं घेतल्यास गं?"

"घरच्या पेटीवरून."

"वेडे! पेटीचा गंधार चढाच असतो, त्यापुढं खरा उतरलेला वाटणारच. म्हणून तर दोन वर्षं तुला पेटीला हात लावू दिला नाही."

सावनीनं जीभ चावली. तंबोऱ्याच्या रेघेवर गंधाराची जागा बसवली. कृष्णाबाई गायल्या. हिरवा! त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"अक्का, सूर किती सरकला तरी हिरवा धरायचा? ती पट्टी किती रुंद ठेवू?"

"नवख्यांना ऐसपैस ठेव. पहिल्याच दिवशी सगळं लाल दिसलं तर पोरी गाणं सोडतील. मग महिन्या-महिन्यानं अरुंद कर."

"आणि तुम्हाला?"

"केसाएवढी. चल, निषाद बघ आता, पेटीवर तोही चढाच. पाचला मुली येतील, त्याआधी उरक."