मुळाशी राहिलेला कण

मी एक जुनी पांढरी पेशी आहे. मित्रांनो, मला भक्षक पेशी असंही म्हणतात. शरीरात शिरलेलं नको ते गिळायचं आणि पचवायचं, एवढंच मला येतं. कमरेच्या हाडातल्या मऊ, उबदार मज्जेत मी जन्मले आणि रक्ताबरोबर वाहत वाहत एका बाईच्या दाढेखाली, मुळाच्या टोकाशी येऊन राहिले. तिथे अंधार असतो, पण हाडातून आवाज फार स्पष्ट येतात.

ती बाई जुन्या खुर्च्या मढवायची. मूठभर बारीक खिळे डाव्या गालात धरायची, जिभेनं एकेक ओठांवर आणायची आणि हातोडीनं ठोकायची. गालातले खिळे संपले की गुणगुणायची:

खिळ्यामागे खिळा, बाई, कापडाला ओढ
बसणाऱ्याला कळू नये कुठे दिली जोड

हातोडीच्या तालावर आम्ही पेशी अंधारात डुलायचो.

पुढे तिच्या त्याच दाढेची नस कुजली. दातांच्या डॉक्टरांनी ती काढली, मुळाची नळी धुतली आणि तिच्यात गुलाबी रबरी काडी न् पांढरा लेप भरला. भरताना हात जरा जास्त दाबला गेला. लेप मुळाच्या टोकाबाहेर, आमच्या अंगणात सांडला.

"थोडं पुढे गेलंय," दाढेचा एक्स-रे फोटो बघून डॉक्टर म्हणाले. "शरीर सांभाळून घेईल. पण ताई, दाढेवरचं सिमेंट तात्पुरतं, कच्चं आहे. त्यावर टोपी, म्हणजे पक्की कॅप, बसवायला लवकर या. आणि तोवर या बाजूला खिळे धरू नका."

शरीर सांभाळून घेईल, म्हणजे आम्हीच की.

आम्ही धावलो. लेपाचा मोठा गोळा गिळण्यासारखा नव्हता. शेजारच्या विणकर पेशींनी त्याच्याभोवती धागे विणले आणि तो निमूट बसला. छळलं ते बारीक कणांनी. कण दिसला की गिळायचा, हा आमचा धर्म. मी गिळले. पण ते पचेनात. जंतू विरघळतो, मेलेली पेशी विरघळते. हे मात्र पोटात दगडासारखे पडून राहिले. माझ्या कितीतरी बहिणी तशाच भरल्या पोटानं मेल्या, आणि त्यांच्या पोटातून सुटलेले कण दुसऱ्या बहिणींनी गिळले.

तरीही घर सावरत होतं. सूज उतरत होती. बाईचं दुखणं थांबलं.

आणि तिथेच घात झाला.

"आई, टोपी बसवायला जायचंय ना?" एकदा तिच्या लेकीनं विचारलं.

"दुखत नाही गं आता. उगाच कशाला डिवचायचं?"

"दाढ आहे की मांजर, डिवचायला? आणि गालात काय आहे? आ कर बघू."

"उजवीकडून जीभच वळत नाही माझी. एवढी खुर्ची होऊ दे, मग जाऊ."

खुर्चीमागून खुर्ची येत गेली. गालातले खिळे दाढेवर घासत राहिले. कच्च्या सिमेंटचा एक कोपरा उडाला. तिला कळलंही नाही. त्या फटीतून लाळ झिरपली, लाळेबरोबर जंतू आले, आणि काडीच्या कडेकडेनं खाली उतरले.

मित्रांनो, आमची पोटं आधीच भरलेली होती. गिळायला जागाच नव्हती. आम्ही मदतीसाठी हाका मारल्या. नव्या पेशी आल्या, त्यांनीही हाका मारल्या. तो आकांत हाड खाणाऱ्या पेशींनी ऐकला. त्या जाग्या झाल्या आणि मुळाभोवतीचं हाड विरघळवू लागल्या. जे घर राखायला आम्ही आलो, ते आमच्याच हाकांनी पोखरलं गेलं. वर मात्र काहीच दुखत नव्हतं. बाई गात होती.

गाल सुजला तेव्हा उशीर झाला होता. दाढ हलत होती. डॉक्टरांनी ती उपटली आणि मुळाला चिकटलेल्या इवल्या पिशवीसकट स्टीलच्या थाळीत ठेवली. त्या पिशवीत मी आहे.

"ही पिशवी बघा, ताई. इथे तुमच्या पेशी इतके दिवस झुंजत होत्या."

तोंडात कापसाचा बोळा धरून बाई कशीबशी बोलली, "मग मला कसं नाही कळलं?"

"दुखलं नाही, म्हणून."

सोबत आलेल्या लेकीनं आईच्या एप्रनच्या खिशात हात घातला, उरलेले खिळे काढले आणि आपल्या रुमालात बांधले.

आता थाळी गार पडत चालली आहे. हाडातून येणारं गाणं बंद झालं. मी विरघळेन, माझ्या पोटातला कण विरघळणार नाही. माझ्या काही बहिणी अजून त्या जबड्यात, पडक्या घरात राबत आहेत. मित्रांनो, आमची आरती करू नका, आमचं नावही लक्षात ठेवू नका. फक्त दुखणं थांबलं की लगेच पाठ फिरवू नका. तुम्हाला बरं वाटतं, तेव्हाही आम्ही खाली गिळतच असतो.