रामधनच्या वावरातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि ओरडून ओरडून पुरता विटलो आहे. भोंग्याला ओरडण्याचा कसला कंटाळा, असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. पण माझा आकार एकदा नीट बघा. बाहेर रुंद आणि आत निमुळतं होत जाणारं असं जे असतं, ते नुसतं तोंड नसतं, तो कानही असतो. माझ्यातून वीज जात नाही तेव्हा मी नीट ऐकतो; वीज चालू असली, की माझ्याच आवाजाआडून जेवढं कानी पडेल तेवढंच. पण ती वीज थांबेचना, त्याला मी काय करणार होतो?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा चपटा पत्रा साच्यावर दाबला, कड वळवली, वरून राखाडी रंग फासला की झालो मी तयार. तिथे दिवसभर असा खणखणाट चालायचा, की लहानपणचं दुसरं काही मला आठवतच नाही. तिथून मी घाटंजीच्या बाजारात रहमतभाईंच्या दुकानात आलो. रहमतभाई लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्नं, उर्स, सप्ताह, सभा, बैलांच्या शर्यतीचे शंकरपट, सगळीकडे मी त्यांच्यासोबत फिरलो.

रहमतभाईंची एक रीत होती. मला बांबूवर बांधलं, वायर जोडली, तरी ते लगेच खटका दाबत नसत. खाली उकिडवे बसायचे, विडी पेटवायचे आणि विडी संपेपर्यंत नुसतं गाव ऐकायचे. कोणत्या घरात तान्हं मूल रडतंय, कुठे म्हातारं माणूस खोकतंय, वारा कुणीकडे जातोय. मग माझं तोंड त्या घरांपासून दुसरीकडे वळवायचे. लग्नाची मंडळी घायकुतीला यायची. "चाचा, सुरू करा ना, नवरदेव येऊन राह्यला!"

"थांब बाप्पा," रहमतभाई म्हणायचे. "आधी गावाचं आयकू दे, मंग गावाले आयकवतो."

त्या विडीभर वेळात मीही ऐकायचो. बैलांच्या गळ्यातली घाटी, लिंबाच्या पानांची सळसळ, दूर कुणीतरी विहिरीत सोडलेली बादली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. रहमतचा भोंगा कानाला लागत नाही, अशी माझी तारीफ व्हायची आणि ती ऐकून मी मनातल्या मनात फुगायचो.

मग डीजे आला. ट्रकवर भिंतीएवढे डबे रचून लोक वराती काढू लागले, तेव्हा मला कोण विचारणार? माझी रवानगी दुकानाच्या माळ्यावर झाली. अंगावर धूळ, पोटात पाल. म्हटलं, चला, आता तरी निवांत ऐकत पडू. कसलं काय! रस्त्यावरून डीजे गेला की माळ्याचे पत्रे थरथरायचे आणि माझं रिकामं तोंड आपोआप घुमायला लागायचं. अडगळीत पडूनही सुटका नाही म्हणजे काय म्हणावं?

एक दिवस दुकानात रामधन आला. हा तांड्यावरचा शेतकरी. त्याचं वावर अगदी जंगलाला लागून, त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि मधे तुरीच्या ओळी. रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई त्याला पीक धडपणे घरी नेऊ देत नव्हते. आमच्या भागात आता अशी पद्धत पडली आहे, की वावरात भोंगा लावायचा आणि त्यातून कुत्र्यांचं भुंकणं नाहीतर वाघाची डरकाळी सतत वाजवत ठेवायची. रहमतभाईंचा मुलगा तारिक असे आवाज मेमरी कार्डात भरून देतो. त्याने रामधनला वाघ ऐकवला. रामधनला काही तो पटला नाही.

"माह्या वावरात वाघाचा आवाज कायले?" तो म्हणाला. "वावर माहं, पऱ्हाटी माही, त आवाज बी माहाच पायजे."

तारिकने मोबाइल त्याच्या तोंडापुढे धरला. रामधनने छाती भरून श्वास घेतला आणि बोंब ठोकली, "धावा रे धावा! आला रे आला! हुर्र्र! धावा!" जिवाच्या आकांताने ओरडला हो! बाजारातली माणसं हातातलं काम टाकून काठ्या घेऊन धावत आली. चहावाला तर हातातल्या किटलीसकट आला. "काय झालं? कोनाले काय झालं?" खरा प्रकार कळल्यावर सगळे पोट धरून हसले. रामधनची कॉलर ताठ झाली. "पाह्यलं? याले म्हनते आवाज!"

रहमतभाई तेवढे हसले नाहीत. मला त्याच्या हातात देताना म्हणाले, "रामधन, याले मधामधात बंद करत जाय. वावर बी काही सांगत असते." रामधन "हो हो" म्हणाला. मित्रांनो, "हो हो" म्हणणारा माणूस ऐकत नसतो, हे मी अनेक सभांमधून बघितलं आहे.

रामधनने वावराच्या मधोमध खांब रोवून मला वर चढवलं. खाली सोलरची पाटी. मशीन लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप आणि कुलपाची किल्ली त्याच्या करदोड्याला. रात्री डुकरं म्हणून रात्री चालू, दिवसा रोही आणि वानरं म्हणून दिवसाही चालू. धावा रे धावा, आला रे आला! कोण आला? कुणी नाही. कुणी धावायचं? कुणीच नाही. पहिले काही दिवस डुकरं घाबरली. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा नुसता बोलतो. एक जाडजूड डुक्कर तर माझ्या खांबाला रोज पाठ घासायला लागलं. मी वरून "धावा धावा" म्हणतोय आणि ते खाली डोळे मिटून खाजवतंय! घाबरून निघून गेल्या त्या टिटव्या आणि तितर, ज्यांनी कुणाचं काही खाल्लं नव्हतं.

सगळ्यात वैतागली ती रामधनची बायको, सुखीबाई. कापूस वेचायला आलेल्या बाया वेचलेल्यातलाच कापूस कानात कोंबायच्या. सुखीबाई म्हणायची, "घरी बी हाच आवाज, वावरात बी हाच. एका नवऱ्याचे दोन करून ठेवले बाप्पा यानं! अवो, घडीभर बंद करा ना थे."

"बंद केलं त डुकरं येतीन वं," रामधन म्हणायचा.

"आता येत नाही काय? तुमच्या भोंग्याखालीच त झोपून राह्यलं काल!"

पण किल्ली त्याच्या कमरेला. बोलून काय उपयोग?

आणि मग तो दिवस आला. तुरी फुलावर होत्या. पंप पाणी उचलत नव्हता, म्हणून रामधन एकटाच वावराच्या टोकाच्या विहिरीत उतरला. पाइपाच्या खालच्या टोकाला पालापाचोळा अडकला असणार. उतरायला कडेचे दगड, ते जुने आणि सैल. मी खांबावरून त्याला उतरताना बघितलं. मग दगड निसटल्याचा धप्प आवाज झाला आणि विहिरीतून हाक आली, "धावा रे! धावा!"

तुमच्या लक्षात येतंय का, मित्रांनो? त्याच वेळी मीही तेच ओरडत होतो. त्याच्याच आवाजात, त्याच शब्दांत, त्याच्यापेक्षा मोठ्याने. त्याने बायकोचं नाव घेतलं, देवाचं घेतलं, पण विहिरीच्या खोलीतून शब्द फुटून वर येत होते. ओळखू यायचा तो फक्त आवाज, आणि त्या शिवारात रामधनच्या आवाजाला आता काडीची किंमत उरली नव्हती.

मला इतका संताप कधीच आला नव्हता. गप्प बसावंसं वाटत होतं आणि बसता येत नव्हतं. माझ्याच तोंडून एका माणसाची हाक मी दाबत होतो. तेवढ्यात शेजारच्या वावराचा पूनमसिंग धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघाला. मला वाटलं, याला कळेल. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. "रामधनभाऊ, तुह्या गळ्याले काही आराम हाय का नाही रे?" असं म्हणून तो आपल्या वावरात निघून गेला. घाटंजीच्या बाजारात खोट्या हाकेला काठ्या घेऊन माणसं धावली होती. इथे खऱ्या हाकेला एक माणूस हसून पुढे गेला.

दुपारी सुखीबाई शिदोरी घेऊन आली. माझ्या खांबाजवळच्या पळसाखाली बसली आणि नवऱ्याची वाट बघू लागली. हाका मारून बघितल्या, पण माझ्यापुढे तिचं काय चालणार? मला वाटत होतं, बाई, ऊठ, विहिरीकडे जा! आणि माझ्या तोंडून निघत होतं, आला रे आला! विहिरीतली हाक आता बसत चालली होती. भाकर वाळायला लागली तसा सुखीबाईचा तोल सुटला.

"कुठं उलथला हा मानूस? आन तू! तू कायले बोंबलून राह्यला रे मुडद्या?" तिने ढेकूळ उचलून मला मारलं. माझ्या कडेला पोचा आला, पण मी थांबेना. मग तिने पदर खोचला, पेटीतून वर येणारी वायर दोन्ही हातांनी धरली आणि सारा राग काढून एक हिसडा दिला.

मी गप्प झालो.

किती दिवसांनी नीट ऐकत होतो मी! आधी नुसतीच पोकळी. मग तुरीच्या फुलांवरच्या मधमाश्या. वाळलेल्या पानांत सरपटणारा सरडा. लांब कुठेतरी बैलाची घाटी. सुखीबाईही हातात वायर धरून तशीच उभी राहिली, चेहरा सैल झालेला. आणि त्या शांततेच्या तळातून, अगदी बारीक, खरखरीत आवाज आला, "धावा रे..."

सुखीबाईने माझ्याकडे बघितलं. मग हातातल्या वायरीकडे.

"बाई वं! वायर त माह्या हातात हाय. मंग हा बोलून कोन राह्यला?"

आणि ती धावली. पऱ्हाटी तुडवत, चप्पल कुठे, पदर कुठे. विहिरीच्या कडेवरून तिने जी किंकाळी फोडली, ती पूनमसिंगच्या वावरापर्यंत गेली. हा आवाज कार्डातला नव्हता. पूनमसिंग दोर घेऊन आला. रामधन एका हाताने पाइप धरून, हनुवटीपर्यंत पाण्यात, मोडक्या पायाने लटकला होता. दोघांनी त्याला वर ओढलं. धाप ओसरल्यावर तो पहिलं वाक्य हे बोलला, "मी आतून माहाच आवाज आयकून राह्यलो होतो वं. म्हटलं, हा कोन बोंबलून राह्यला, जरा गप बसन त माही हाक जाईन."

पूनमसिंग मान खाली घालून रडला. सुखीबाईने रामधनच्या कमरेची किल्ली काढून विहिरीत टाकली.

आता मी खांबावरच आहे, पण वायरीशिवाय. पाठ घासायला येणाऱ्या डुकराला रामधन काठी टेकत टेकत स्वतः हाकलतो, आणि ते खरंच पळतं. मित्रांनो, मला कुणी पुसून ठेवावं, रंग द्यावा, असं मी मागत नाही. माझं मागणं एवढंच आहे, की तुमच्याजवळ जे जे वाजतंय ते दिवसातून एकदा बंद करा आणि विडीभर वेळ नुसतं ऐका. कुणीतरी हाक मारत असेल आणि तुम्ही रोजचंच म्हणून हसून पुढे जात असाल.

लोक सुधारले असं समजू नका. परवा पूनमसिंगनेच नवीन भोंगा आणला! त्यात त्याचाच आवाज! आता रोज दुपारी सुखीबाई धुऱ्यावर जाऊन ओरडते, "पूनमभाऊ, बंद करा थे! जेवाले बसलो आमी, माहा मानूस मले आयकू येत नाही!" तिचा माणूस तेव्हा पळसाखाली अगदी समोरच बसलेला असतो आणि एक शब्दही बोलत नसतो. पण पूनमसिंग निमूटपणे भोंगा बंद करतो. मग रामधन भाकर मोडतो आणि तो आवाजही मला इथे वर ऐकू येतो.