गॅसची बस आणि दुधीची भाजी

कस्तुराचा आवाज मुळात मोठा नव्हता, तो डिझेलने मोठा केला. संत तुकाराम नगरहून चाकणला जाणारी कंपनीची जुनी बस अशी काही खडखडायची, की शेजारणीला नुसती वेळ विचारायची तरी पोटातून ओरडावं लागे. मागच्या लांब सीटवर, बरोबर इंजिनाच्या डोक्यावर, कस्तुरा आणि तिची मैत्रीण इंदुताई बसायच्या. वर्षानुवर्षं दोघींनी तिथे बसून अख्ख्या कंपनीची उणीदुणी काढली, पण पुढच्या सीटवर कधी एक अक्षर पोहोचलं नाही.

आता गंमत बघा. कंपनी बनवायची बस-ट्रकची गॅसवर चालणारी इंजिनं, आणि स्वतःची माणसं न्यायची डिझेलच्या खटाऱ्यातून! शेवटी वरच्या कुणाला तरी लाज वाटली असावी. एका सकाळी स्टॉपवर नवी बस येऊन उभी राहिली, आपल्याच कारखान्यातलं गॅसचं इंजिन बसवलेली. ड्रायव्हर मालोजीने तिला झेंडूचा हार घातला होता आणि स्वतः दाढी करून आला होता.

कस्तुराचं बसकडे लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात एकच भुंगा. लातूरला तिने आयटीआय केलं होतं, मोटार मेकॅनिकचं, तेही चांगल्या मार्कांनी. आणि इथे येऊन करत काय होती, तर सुट्या भागांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. भिंतीपलीकडे इंजिनं जुळायची आणि ही अलीकडे खोकी मोजायची. कधीकधी तिला खरंच रडू यायचं. आता इंजिनच्या लाइनवर एक जागा रिकामी झाली होती. तिने लाइनचे मोठे साहेब मुकुंद सर यांना गाठून विचारलं, तर ते म्हणाले, "बघू."

"मग, काय म्हणाले सर?" बस सुटल्या सुटल्या इंदुताईने विचारलं.

झालं. कस्तुराने नेहमीचा डिझेलचा आवाज लावला. "काय म्हणणार? बघू म्हणाले. माझं काय बघताय, स्वतःच्या डब्यात बघा म्हणावं! कँटीनमध्ये आम्हाला अक्कल शिकवतात, तेलकट खाऊ नका, दुधी खा. आणि बायकोने दिलेली दुधीची भाजी रोज वॉचमनच्या गळ्यात मारतात. मग टपरीच्या मागे उभं राहून वडापाव हाणतात, तीन-तीन! वर मिरची मागून घेतात. मी या डोळ्यांनी बघितलंय. वॉचमन बिचारा दुधी खाऊन खाऊन वाळला!"

इंदुताईने मांडीला चिमटा काढला तेव्हा कस्तुराच्या ध्यानात आलं, की बसमध्ये दुसरं कुणीच बोलत नाहीये. खडखड नाही, हादरे नाहीत. खाली गॅसचं इंजिन गुणी बाळासारखं चाललं होतं, आणि पहिल्या सीटवर, नव्या बसचा पहिला दिवस म्हणून मुद्दाम आलेले मुकुंद सर मान वळवून तिच्याकडे बघत होते. कस्तुराने मनातल्या मनात त्या जागेवर पाणी सोडलं.

पण दोन-चार दिवसांनी सरांनीच तिला केबिनमध्ये बोलावलं. नाशिकचे एक बडे गाडीमालक, गणराजशेठ, गॅसच्या बस घ्यायच्या म्हणून बघायला येणार होते.

"त्या दिवशी तुमचं बोलणं पुढपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू आलं," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "शेठना पुढे बसवू. तुम्ही मागे बसून बोला. बस किती शांत आहे ते त्यांना आपोआप कळेल."

"बोलू काय, सर?"

"माझ्याबद्दल बोला हवं तर. पण चांगलं."

"आणि माझ्या जागेचं?"

"बघू," सर म्हणाले.

गणराजशेठ आले, पहिल्या सीटवर ऐसपैस बसले. मालोजीने बस काढली. सरांनी मागे बघून खूण केली.

"आमचे सर फार शिस्तीचे," कस्तुरा म्हणाली. आवाज इंदुताईपर्यंत जेमतेम गेला. तिने घसा खाकरला. "फार मनमिळाऊ." हेही मध्येच कुठेतरी विरलं. काय करणार, चहाडी पोटातून येते, कौतुक घशातच अडकतं. त्यातून 'बघू' म्हणणाऱ्या माणसाचं कौतुक.

"काही ऐकू येईना राव," शेठ म्हणाले. "आवाज दिसतोय तुमच्या गाडीला."

सरांना घाम फुटला. मालोजी आरशात बघून म्हणाला, "पोरी, घसा बसलाय व्हय? त्या दिशी तर पार भोसरीपातुर ऐकू गेलं असतं."

सर अर्धवट उठले. पडेल आवाजात म्हणाले, "कस्तुराताई, दुधीचं सांगा."

इतकं हळू बोललेलं मागे ठणठणीत ऐकू आलं. म्हणजे आपलंही पुढे जाणार, हे कस्तुराला तत्क्षणी कळलं.

"आधी माझ्या जागेचं सांगा, सर."

"कसली जागा?" शेठनी वळून विचारलं. आता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"इंजिनच्या लाइनवरची, शेठ. मी मेकॅनिक आहे आणि खोकी चिकटवते."

अख्खी बस सरांकडे बघू लागली. सरांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथेही काही सुटका दिसेना.

"सोमवारपासून लाइनवर या," ते म्हणाले.

"म्हणजे बघू नाही ना?"

"नाही. या."

कस्तुराचे डोळे भरून आले. तिने पदराने ते पुसले, इंदुताईचा हात घट्ट धरला आणि पोटातून आवाज काढला. "तर शेठ, आमचे सर! बायकोने दिलेली दुधीची भाजी वॉचमनला देतात आणि टपरीच्या मागे तीन-तीन वडापाव खातात!"

शेठ पोट धरधरून हसले. अक्षर न् अक्षर पोहोचलं होतं.

"दोन," सर अगदी हळू म्हणाले. "तीन नाही, दोनच."

"तीनच," मालोजी स्टेअरिंगवरून म्हणाला. "म्या बी बगितलंय."

मग गणराजशेठनी ती टपरी कुठे आहे ते विचारलं, आणि मालोजीने बस तिकडे वळवली.